अनध्यायाचे वेळापत्रक

श्यामकांत लिमये यांनी एकतीस वर्षे रेल्वेची वेळापत्रके आखली. कलकत्त्याला, गार्डन रीचच्या रेल्वे मुख्यालयात, नदीकडे उघडणाऱ्या एका लांब खोलीत, टेबलभर पसरलेल्या आलेखाच्या कागदावर ते गाड्यांच्या तिरप्या रेषा ओढीत. कोणत्या स्थानकात कोणी कोणाला वाट द्यावी, मालगाडीने कुठे खोळंबावे आणि मेलने कुठे धावावे, हे त्यांच्या पेन्सिलीच्या टोकाशी ठरत असे. निवृत्तीनंतर मुलगा सलील पुण्याला बोलावीत असतानाही ते आणि कालिंदीबाई बालीगंजच्या जुन्या फ्लॅटमध्येच राहिले. कोणी कारण विचारले तर कालिंदीबाई म्हणत, "यांना इथला दमट उन्हाळा सोसत नाही, आणि इथून हलायचंही नाही. दोन्ही तक्रारी मीच ऐकते."

दुर्गापूजा आटोपल्यावर त्यांच्या घरी आभा राहायला आली. ती मॉरिशसची. तिच्या खापरपणजोबांनी कोकणचा किनारा सोडून उसाच्या मळ्यांची वाट धरली, त्याला दीडशे वर्षे होत आली होती. तरी घरात मराठी टिकली होती, आणि आभा ती फ्रेंचच्या हेलात, सावकाश, एकेक शब्द निवडून बोलत असे. एका वर्षाच्या शिष्यवृत्तीवर ती कलकत्त्यास आली होती. मराठी मंडळातल्या कोणी लिमयांचे नाव सुचवले, आणि सलीलची रिकामी खोली भरली. बेहाला भागात राहणारे अजेयनाथ भट्टाचार्य हे वृद्ध नैयायिक परंपरेच्या पद्धतीने, घरी, चटईवर बसवून न्यायशास्त्र शिकवीत. सगळे त्यांना पंडितमोशाय म्हणत. आभाने दोन वर्षे पत्रे लिहून त्यांचा होकार मिळवला होता.

"बाकीचे विषय मला तिकडेही मिळाले असते, काका," तिने पहिल्याच दिवशी सांगितले. "पंडितमोशाय मिळाले नसते."

शिष्यवृत्तीच्या कार्यालयाने तिच्या हाती एक छापील तक्ता दिला होता. त्यावर शीर्षक होते: साप्ताहिक क्लास-रुटीन. कलकत्त्यात बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत सारे वेळापत्रकाला रुटीनच म्हणतात. सोमवार ते शनिवार असे सहा रकाने, डावीकडे तास, आणि तळाशी प्रत्येक विषयाच्या शिक्षकाच्या सहीसाठी रेघ. नियम स्पष्ट होता. प्रत्येक विषयाचे आठवड्याला किमान तीन पाठ हवेत, आणि ते ठरल्या वारी, ठरल्या वेळी. तीस नोव्हेंबरच्या आत सहीचे रुटीन आले नाही तर तो विषय गाळून विद्यापीठातला दुसरा घ्यावा लागणार होता.

"वेळापत्रकच ना?" श्यामकांतांनी चष्मा पुसला. "मग तू योग्य घरी आलीस."

त्या संध्याकाळी त्यांनी पट्टी आणि पेन्सिल काढली. गुरुवारी विद्यापीठाचा वर्ग पहाटेच, तो दिवस सोडला. उरलेल्या पाचही दिवशी सकाळी साडेसहा ते आठ न्यायशास्त्र. पावणेसहाची बजबज लोकल, माझेरहाटला उतरायचे, तिथून ऑटो.

"गाडी दुसऱ्या झोनची आहे," ते म्हणाले, "म्हणून पाच मिनिटं उशिराची धरलीत."

"आणि तुमच्या झोनच्या गाड्या काय वेळेआधी येऊन उभ्या राहायच्या?" कालिंदीबाईंनी स्वयंपाकघरातून विचारले.

तक्ता देखणा झाला होता. सोमवार, मंगळवार, बुधवार तो अक्षरशः पाळलाही गेला. शुक्रवारी मात्र आभा आठ वाजायच्या आतच परतली.

"पाठ झाला नाही. आज अष्टमी आहे."

"मग?"

"अष्टमीला ते शिकवीत नाहीत."

श्यामकांतांनी ती एक अडचण म्हणून सोडून दिली. पुढच्या शुक्रवारी पौर्णिमा निघाली, शनिवारी प्रतिपदा. दोन्ही दिवशी पंडितमोशायांचे दार उघडे, पण पाठ बंद. आणि खरा घोटाळा रविवारी झाला. तक्त्यात रविवारचा रकानाच नव्हता, म्हणून आभा घरी केस धूत बसली होती. आणि तिकडे बेहाल्यात तो म्हातारा गुरू द्वितीया उजाडली म्हणून साडेसहापासून तिची वाट पाहत बसला होता.

सोमवारी तिने क्षमा मागितली. "काल रविवार होता, म्हणून आले नाही."

"रविवार म्हणजे सूर्याचा वार," पंडितमोशाय शांतपणे म्हणाले. "सूर्याने काल सुटी घेतली होती काय?"

मग तिने भीत भीत तक्ता पुढे केला. पंडितमोशायांची दृष्टी पुष्कळ मंदावलेली. त्यांनी एका शिष्याकडून तो वाचून घेतला आणि परत दिला. मी मंगळवारी शिकवतो असे यात लिहिले आहे, ते म्हणाले. मी मंगळवारी शिकवीत नाही, तृतीयेला शिकवतो. कधी ती मंगळवारी येते. जे खरे नाही त्याखाली मी नाव कसे घालू?

हे सारे आभाने घरी येऊन सांगितले. "काका, त्यांनी नाही म्हटलं नाही. पण सही केली नाही. आणि सहीशिवाय मला तिथं जाता येणार नाही."

"मी बोलतो त्यांच्याशी," श्यामकांत म्हणाले. एकतीस वर्षांत त्यांनी किती तरी हट्टी माणसे एका टेबलाशी बसवून दोन रेघांमध्ये जागा करून दिली होती.

दुसऱ्या दिवशी, चतुर्थीला, ते आभाबरोबर निघाले. पंख्यांची पाती रंगवणाऱ्या एका छोट्या कारखान्यामागे गल्ली वळत होती. तिच्या टोकाशी एकमजली घर, दारात जास्वंद, आणि ओसरीवरून ऐकू येणारा एकच शांत, गंभीर आवाज. आभा पुढे होऊन चटईवर बसली. आणखी चार शिष्य होते. कोणाच्याही हातात पुस्तक नव्हते. त्र्याऐंशी वर्षांचे पंडितमोशाय भिंतीला न टेकता बसले होते आणि जमिनीकडे बोट करून विचारीत होते:

"इथे घडा नाही. हे तुला दिसले की तू अनुमान केलेस?"

"दिसले," आभा म्हणाली.

"काय दिसले? जमीन दिसली. जो घडा नाही, तो दिसेल कसा?"

"घडा नाही दिसला. घड्याचा अभाव दिसला."

"आणि तो अभाव कुठे राहतो?"

श्यामकांत उंबऱ्याशी खिळून उभे राहिले. संदेश मिठाईचा डबा त्यांच्या हातात तसाच होता. जिच्या मराठीत अजून ऊसमळ्यांचा हेल होता ती मुलगी त्या प्रश्नाच्या काठाशी बसली होती. आत उडी घ्यावी की नाही असा तिचा चेहरा. इतक्यात पायाखाली सुटलेली फरशी खडखडली. पंडितमोशायांनी मान वळवली.

"कोण आले?"

"माझे काका," आभा म्हणाली. "ज्यांच्या घरी मी राहते ते."

पंडितमोशाय दोन्ही हात जोडून उठले. "या. शिष्ट आले. आज अनध्याय."

शिष्यांनी नमस्कार करून चटई गुंडाळायला घेतली. त्यातला एकजण आभाकडे पाहून हळूच हसला. आभाच्या डोळ्यांत मात्र पाणी तरळले. श्यामकांतांना काही कळेना.

"म्हणजे? नाही, नाही, मी बाहेर थांबतो. आपण पाठ चालू ठेवा."

"वंदनीय माणूस घरी आला की अध्ययन थांबते. तसा नियम आहे."

"मी मुळीच वंदनीय नाही हो! रेल्वेचा साधा निवृत्त नोकर."

"ते ठरवण्याचा अधिकार पाहुण्याला नसतो," पंडितमोशाय म्हणाले. त्यांची हिंदी संस्कृताच्या वळणाची होती आणि मधूनच बंगालीत शिरे, पण एकही अक्षर निसटत नव्हते. "आणि आपण बाहेर जाऊन उभे राहिलात, तरी आलेला पाहुणा आला नाही असे कसे करता येईल?"

ज्या पाठासाठी मध्यस्थी करायला आलो तोच पाठ आपल्या पावलांनी मोडला, हे ध्यानात येऊन श्यामकांत ओशाळले. पंडितमोशायांची सून यामिनी चहा घेऊन आली. "घाबरू नका, मोशाय," ती हसून म्हणाली. "आमच्याकडे विमा-एजंट आला तरी बाबा अनध्याय करतात."

चहा निवत गेला. पंडितमोशायांनी त्यांच्या नोकरीविषयी विचारले. आलेख कसा असतो, रेघ कशी ओढतात, एका रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून काय करतात, हे त्यांनी लहान मुलासारखे खोदून खोदून ऐकले. मग म्हणाले, "रुळावर सतत गाड्या असतात?"

"नाही. मधे ब्लॉक ठेवावा लागतो. दोन-तीन तास एकही गाडी सोडायची नाही. त्या वेळात रूळ तपासतात, खिळे आवळतात, खडी सारखी करतात."

"प्रवाशांना तो वेळ दिसतो?"

"नाही. त्यांना नुसतं वाटतं की या वेळेला गाडी नाही."

पंडितमोशायांनी निवालेला चहा बाजूला ठेवला. "लिमये मोशाय," मग ते म्हणाले, "तुम्ही माझा अनध्याय मला समजावून सांगितलात."

निघताना श्यामकांतांनी धीर करून तक्त्याची गोष्ट काढली. पंडितमोशायांनी शांतपणे ऐकले आणि संस्कृतात म्हणाले, "सत्यं चेत् हस्ताक्षरं करिष्यामि." खरे असेल तर सही करीन.

परतीच्या लोकलमध्ये आभा खिडकीशी बसून होती. "काका, तो घड्याचा पाठ आता पंचमीला होईल," ती म्हणाली. "मला आज रात्रभर वाट बघावी लागेल. पण राग नाही आला तुमचा. खरंच." तिने असे म्हटल्यावर त्यांना अधिकच अपराधी वाटले.

त्याच दुपारी ते कामाला बसले. एका आठवड्याचे रुटीन खरे होऊ शकत नाही, कारण दोन आठवडे सारखे नसतात. तर मग आभाच्या पहिल्या आठवड्यापासून चैत्राअखेरपर्यंतच्या सव्वीस आठवड्यांची सव्वीस रुटीने करायची. प्रत्येक कागदावर त्यांनी पट्टीने सातवा रकाना ओढला आणि त्यावर रविवार असे लिहिले. स्वयंपाकघरातले मराठी कॅलेंडर त्यांनी खिळ्यावरून काढून जेवणाच्या टेबलावर पसरले. ते दरवर्षी पुण्याहून सलील धाडीत असे; पुढच्या वर्षाचेही येऊन पडले होते.

"माझी संकष्टी कुठून बघायची मी?" कालिंदीबाईंनी विचारले.

"मला विचार. सगळ्या वर्षाची सांगतो."

"म्हणजे रेल्वे सुटली आणि चंद्र लागला मागे!"

तिथी पाहायची, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा किंवा अमावास्या आणि प्रतिपदा असेल, किंवा सरस्वतीपूजा असेल, तर चौकोन रिकामा ठेवायचा, गुरुवार वगळायचा, उरलेल्या चौकोनात फुली. दहा दिवस हे चालले. सहाव्या दिवशी एक गंमत घडली. सगळे कागद एकाखाली एक लावून पाहावेत म्हणून त्यांनी ते जमिनीवर अंथरले, आणि उभे राहून पाहू लागले. रिकामे चौकोन विखुरलेले नव्हतेच. पंधरवड्यागणिक एकेका घराने ते उजवीकडे सरकत होते. मधेच एखादे घर थांबत, पुन्हा चालू लागत, काठाशी पोचून दुसऱ्या बाजूने प्रवेश करीत. कागदाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे एक तिरपी रेषा निघाली होती. ती रेषा श्यामकांत डोळे मिटूनही ओळखू शकले असते. आयुष्यभर त्यांनी दुसरे काय काढले होते? ही एक गाडी होती. कोणत्याही विभागाच्या नियंत्रकाने न सोडलेली, कोणत्याही स्थानकात न थांबणारी, पहिला रूळ पडण्याच्या कितीतरी आधीपासून धावत असलेली. आणि ज्या माणसाला आपण हट्टी समजत होतो, तो एवढेच करीत होता की, त्या गाडीला वाट देऊन आपला पाठ बाजूला उभा करीत होता.

"कालिंदी," त्यांनी हाक मारली. "इकडे ये. पायाखाली बघून ये."

कालिंदीबाई हात पुसत आल्या. त्यांनी कागदांकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले, आणि काहीतरी थट्टा करण्यासाठी उघडलेले तोंड मिटले.

त्या दिवसांत आभाकडेही त्यांचे लक्ष वेगळ्या रीतीने जाऊ लागले. अष्टमीला ती सकाळपासून गॅलरीत बसली होती. हातात पुस्तक नाही, वही नाही. खाली गरियाहाटकडे जाणाऱ्या बसगाड्यांचे कर्णे वाजत होते, समोरच्या गच्चीवर कोणी रजया वाळत घालीत होते, आणि ही मुलगी ओठ न हलवता एक वाक्य उलटसुलट फिरवून पाहत होती. दुपारी जेवताना श्यामकांतांनी विचारले, "आज सुटी ना गं तुला?"

"सुटी?" तिने आश्चर्याने पाहिले. "पाठाच्या दिवशी ते बोलतात, काका. मला कळतं ते आज."

सव्वीस कागद पुरे झाले तेव्हा हातात फार दिवस उरले नव्हते. या वेळी श्यामकांतांनी शहाणपण केले. ते चतुर्दशीला गेले; मोडायला पाठच नव्हता. पंडितमोशाय ओसरीवर उन्हात बसले होते. "वाच," ते आभाला म्हणाले.

आभा तारखा वाचू लागली. अमुक तारखेला पाठ, अमुक तारखेला अनध्याय. पंडितमोशायांनी डोळे मिटले. त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून हलकेच फिरत होता, एका पेरावरून दुसऱ्या पेरावर, न थांबता. दरवर्षी नववर्षाच्या दिवशी त्यांना पूर्ण पंजिका, म्हणजे बंगाली पंचांग, एकदा वाचून दाखवली जाते, असे यामिनीने मागे सांगितले होते. श्यामकांतांनी ती अतिशयोक्ती मानली होती. तेरा कागद झाले. अंगठा थांबला.

"पौषातला तो बुधवार. काय लिहिले आहे?"

"नवमी. पाठ," आभा म्हणाली.

"त्या दिवशी अष्टमी आहे. पुढे वाच."

आणखी आठ कागदांनंतर अंगठा पुन्हा थांबला. फाल्गुनातली एक प्रतिपदा. तिथेही श्यामकांतांनी द्वितीया धरून फुली टाकली होती. त्यानंतर शेवटपर्यंत अंगठा कुठेच अडला नाही.

श्यामकांतांचा स्वाभिमान दुखावला. "क्षमा करा, पण मी दोनदा तपासलंय. कॅलेंडरमधली वेळ अशी आहे की..." त्यांनी पिशवीतून कॅलेंडर काढले आणि आभाने तो भाग वाचला. अष्टमी त्या बुधवारी सकाळी सहा वाजून एकेचाळीस मिनिटांनी संपत होती.

"हे पत्रक कुठले?"

"पुण्याचं. म्हणजे मुंबई-पुण्याच्या सूर्योदयाचं."

पंडितमोशाय हसले. त्या हसण्यात विजयाचा लवलेश नव्हता. एखाद्याला आवडीची वस्तू दाखवताना माणूस हसतो तसे ते हसू होते. "दिवसाला तिथी कोणती, हे सूर्योदयाला जी असेल तिच्यावरून. पौषात तुमच्या मुंबईत सूर्य सातनंतर वर येतो. तोवर अष्टमी संपलेली असते, म्हणून तिथे नवमी. इथे तो सव्वासहालाच आलेला असतो. तो येतो तेव्हा अष्टमी घरातच असते, निघायची तयारी करीत. आपण तिला मुंबईच्या सूर्याने निरोप दिलात."

 सबंध देशाला एकच घड्याळ, हा श्यामकांतांच्या आयुष्याचा पाया होता. त्या एका घड्याळावाचून एकही गाडी सुटली नसती. चाळीस वर्षे या शहरात राहून आपल्या भिंतीवर पश्चिम किनाऱ्याचा सूर्य उगवत होता, हे त्यांच्या कधी लक्षातच आले नव्हते. आणि समोरच्या या मंददृष्टी माणसाला अर्ध्या वर्षातल्या प्रत्येक दिवशी पहाट कोणत्या कलेला उजाडेल, हे बोटांच्या पेरांवर ठाऊक होते. त्यांनी कॅलेंडर बाजूला ठेवले आणि नकळत मान लवली.

"एक प्रश्न आहे," पंडितमोशाय म्हणाले. "मेघ गडगडला, कोणी गेले, कोणी शिष्ट आले, तर तोही अनध्याय. तो या कागदात नाही. मग हे खरे कसे?"

हा प्रश्न मात्र श्यामकांतांच्या घरचा होता. "वेळापत्रकात फक्त जाणता येतं तेवढंच लिहितात," ते म्हणाले. "रुळावर म्हैस आली तर ती वेळापत्रकात नसते. ती त्या दिवसाच्या नोंदवहीत जाते. तरी वेळापत्रक खोटं ठरत नाही."

पंडितमोशायांनी विचार केला. "मान्य," ते म्हणाले, आणि दोन चुका दुरुस्त झाल्यावर बोटाने रेघ चाचपीत, जराही घाई न करता, सव्वीस वेळा त्यांनी आपले नाव लिहिले.

सोमवारी श्यामकांत आणि आभा शिष्यवृत्तीच्या कार्यालयात गेले. तिथल्या अधिकारी मंजुषा सेनगुप्त चाळिशीच्या, चटपटीत, कामाच्या ढिगाऱ्यातूनही माणसाकडे नीट पाहणाऱ्या. एकाऐवजी सव्वीस कागद पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"बाबा रे! एक मागितलं होतं."

आभाने सारे सांगितले. मंजुषा कागद उलटत गेल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा वैताग हळूहळू कुतूहलात बदलला. "माझ्या आजोबांचीही पाठशाळा होती," त्या पुटपुटल्या. "ज्या दिवशी पाठ नाही, त्या दिवशी तू काय करतेस?"

"सगळ्यात जास्त अभ्यास," आभा म्हणाली.

मंजुषा हसल्या. मग माघाच्या कागदाशी त्यांचे बोट थांबले. "इथे अडचण आहे. चतुर्दशी, अमावास्या, प्रतिपदा ओळीनं. गुरुवारी विद्यापीठ. मग शुक्रवार, शनिवार. आणि रविवार पुन्हा रिकामा. दोनच पाठ झाले. नियम तीनचा आहे."

"रविवारी पंचमी आहे," आभा म्हणाली. "सरस्वतीपूजा."

"ते मला माहीत आहे. त्या दिवशी माझी मुलगीसुद्धा पुस्तकाला हात लावत नाही, आणि तेवढाच एक नियम ती न सांगता पाळते." मंजुषांनी पेन श्यामकांतांपुढे सरकवले. "एक फुली टाका रविवारी. बाकी पंचवीस आठवडे चोख आहेत. कोण जाणार आहे बघायला?"

श्यामकांतांनी पेन उचलले. रेघ सरकवणे, जागा करून देणे, चार मिनिटे इकडची तिकडे करणे, हेच तर त्यांनी आयुष्यभर केले होते. आणि एका फुलीपलीकडे या मुलीचे सारे वर्ष उभे होते. त्यांनी आभाकडे पाहिले. ती कागदाकडे पाहत होती. कागदाच्या तळाशी तिच्या गुरूचे नाव होते, चाचपून लिहिलेले, किंचित वर चढत गेलेले. त्या नावाच्या डोक्यावर आपल्याला फुली टाकायची आहे, हे श्यामकांतांना दिसले.

"नाही जमणार, मॅडम," ते म्हणाले. "ही रेघ माझी नाही. मला ती हलवता येत नाही."

"आभा?"

"त्या आठवड्यात दोनच पाठ आहेत," आभा म्हणाली. 

मंजुषांनी पेन परत घेतले. "मग माझ्या हातात राहिलं नाही. समितीकडे पाठवावं लागेल. त्यांनी नाही म्हटलं तर विषय बदलावा लागेल, हे लक्षात ठेव. तोवर जात राहा."

पुढचे सात दिवस त्या घरात कोणी त्याविषयी बोलले नाही. आभा तिथीप्रमाणे पहाटे निघे आणि तिथीप्रमाणे घरी राही. कालिंदीबाईंनी मराठी कॅलेंडर पुन्हा खिळ्यावर टांगले, पण त्याशेजारी यामिनीने दिलेली पंजिकाही ठेवली, आणि सकाळी चहा ठेवण्याआधी ती उघडून पाहू लागल्या. एकदा श्यामकांतांनी आभाला विचारले, "नाही म्हणाले तर काय करशील?" आभा म्हणाली, "तिथपर्यंत जे झालं असेल, ते झालेलं असेल." पण त्या रात्री ती जेवली नाही.

आठव्या दिवशी दशमी होती. धुके इतके दाट होते की समोरची गच्ची दिसत नव्हती. आभा केव्हाच गेली होती. सव्वासातला फोन वाजला.

"लिमये काकू? मी मंजुषा सेनगुप्त. इतक्या सकाळी त्रास देते, पण मी विमानतळावर निघालेय आणि चार दिवस नसेन. काल संध्याकाळी समितीनं मान्य केलं. सव्वीसही कागद. माघाच्या कागदावर अध्यक्षांनी स्वतः लिहिलंय, या आठवड्यात दोन पाठ, कारण योग्य. सांगाल ना तिला?"

कालिंदीबाईंनी फोन ठेवला आणि डोळे टिपले. "अहो, ऐकलंत? मान्य झालं! लावा तिला फोन, लावा आधी!"

श्यामकांत फोनकडे गेले, आणि हात त्यावर ठेवून थांबले.

"सव्वासात झालेत," ते म्हणाले. "पाठ चाललाय."

"मग काय झालं? आनंदाची बातमी आहे. निरोप तरी पाठवा."

"तिचा फोन बंद असतो तिथं. आणि चालू असता तरी..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही. त्या धुक्यापलीकडे, रुळांच्या आणि रस्त्यांच्या पलीकडे, एका छोट्या ओसरीवर ती मुलगी या क्षणी जमिनीकडे पाहून नसलेल्या घड्याविषयी उत्तर देत असेल. तिला परवानगी मिळाली आहे हे तिला ठाऊक नव्हते. उद्या आपण इथे असू की नाही हे न कळताच ती शिकत होती, आणि तरी तिच्या शिकण्यात कणभरही उणे नव्हते.  पुढचा पाऊण तास ती त्या अज्ञानातच राहो, असे त्यांना वाटले. त्यात आपण जाऊन पाऊल टाकू नये.

ते टेबलाशी येऊन ताठ बसले, टेकून न बसता, जसे कोणी शिकवीत असताना बसावे तसे.

कालिंदीबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. शेगडीवर कुकर होता, शिटी व्हायच्या बेतात. त्या आत गेल्या, गॅस बंद केला, आणि बाहेर येऊन त्यांच्या शेजारी बसल्या.